हातांची भाषा मुलांनीच शिकवली

पिंपरी-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये यंत्रे सुरू झाली की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. मग कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. चहा झाला का, सुपरवायझर येतोय, माल संपला, सगळे काही. त्याला कोणाची हरकत नसते. पण त्याच कामगाराच्या घरी ऐकू न येणारे मूल जन्मले आणि हातवारे करू लागले, की आईवडिलांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळत आला : ‘खुणा करू देऊ नका, नाहीतर ते बोलणार नाही.’ हा सल्ला देणाऱ्यांत शिक्षक होते, तसे डॉक्टरही होते.

त्याचे मूळ १८८० च्या मिलान परिषदेत सापडते. कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी भरलेल्या या परिषदेने खुणा बाजूला सारून तोंडी बोलणेच शिकवावे, असा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते! त्यानंतर देशोदेशी मुलांच्या हातांवर छड्या बसल्या आणि ओठ वाचण्याचे धडे सुरू झाले. ओठ वाचणे किती अवघड असते, ते घरीच पाहता येईल. आरशासमोर आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. समोरच्याला झुपकेदार मिशी असेल तर विचारायलाच नको.

विल्यम स्टोकी १९५५ साली वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा त्यांना खुणा जेमतेम येत होत्या. तिथले प्राध्यापक वर्गात खुणा वापरत, पण त्यांना मोडके इंग्रजी समजत. विद्यार्थी आपसात बोलताना मात्र वेगळ्याच रीतीने हात चालवतात, हे स्टोकींच्या लक्षात आले. हाताचा आकार, जागा, हालचाल यांतले एक बदलले की अर्थ बदलतो. ‘पान’चे ‘मान’ होते तसेच. ही स्वतंत्र भाषा आहे, असे त्यांनी १९६० मध्ये मांडले. सहकाऱ्यांनी थट्टा केली.

पुढे मेंदूनेही तीच साक्ष दिली. कर्णबधिर व्यक्तीच्या मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघाताचा झटका आला, तर हातात ताकद असूनही खुणा विस्कटू शकतात. बोलणाऱ्या माणसाची वाचा जाते, तसेच हे.

आपल्याकडे मदन वशिष्ठ या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात सहकाऱ्यांसह दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणा तपासल्या. शब्द थोडे वेगळे, व्याकरण एकच. तिच्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘तुझं नाव काय?’सारखा. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला मात्र २०१० उजाडले.

म्हणून कान तपासूच नयेत असे नाही. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. थाळी वाजवल्यावर बाळ दचकले, एवढ्यावर विसंबू नये. हादऱ्यानेही बाळ दचकते. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट जरूर करावे. पण खुणांमुळे बोलणे खुंटते, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. सुरुवातीची वर्षे कोणत्याच भाषेविना गेली तर होणारे नुकसान मात्र पक्के ठाऊक आहे, आणि ते पुढे सहजी भरून निघत नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये कामासाठी आलेल्या कुटुंबांत कोणी मराठवाड्याची मराठी बोलते, कोणी भोजपुरी, कोणी कन्नड. कर्णबधिर मूल यातले काहीच न घेता शाळेत येते. सोबत असतात त्या घरच्या खुणा. कोणाची आई नाकातल्या चमकीवरून, कोणाची टिकलीवरून. अनुभवी शिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडते, खिडकीकडे पाठ करून उभी राहत नाही, कारण उजेडामुळे चेहरा काळवंडतो. आणि नवे मूल आले की आधी त्याची आईची खूण शिकून घेते.