शक्कर तलावावरचा रविवार

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एकच चर्चा असते, वीकएंडला कुठे? आम्हा अकोला-अमरावतीकरांचं उत्तर ठरलेलं. चिखलदरा! तलाव, बोटिंग, धुकं, भाजलेलं कणीस... सगळं एकदम ओके. पण यंदा दिवाळीत घरी आले, तर बाबांनी वेगळाच प्लान काढला. ‘‘नरनाळ्याले चाल. शाळेच्या ट्रिपनंतर मी गेलोच नाही.’’

अकोल्याहून अकोट, तिथून शहानूर. गेटवर वनखात्याकडे नोंद करायची आणि गाईडसोबत वर निघायचं. कारण नरनाळा नुसता किल्ला नाही, १९९७ पासून ते अभयारण्य आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान ज्यात येतं, त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग. (वाघ दिसला का? नाही. पुढे चला.)

वाटेत १४८७ चा महाकाली दरवाजा लागतो. काय कोरीवकाम आहे, बॉस! दगडातली कमळं बघता बघता कॅमेऱ्याची अर्धी बॅटरी तिथेच संपली. बाबांना मात्र घाई होती. त्यांना शक्कर तलाव बघायचा होता.

आणि तो दिसला. सातपुड्याच्या माथ्यावर, काठोकाठ भरलेला. काठावर झाडी, पाण्यात ढग, आवाज फक्त पाखरांचा. बाबा खाली बसले आणि बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘एवळं पानी वर, आन् आपन खाली खारंच पेत रायलो.’’

तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर सांगते. या डोंगराच्या पायथ्याशी पूर्णा नदीचं खोरं आहे आणि त्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणी खारट. माझी आत्या दर्यापूरकडच्या गावात दिलेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलं की साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. आता तिकडच्या गावांना शहानूर धरणाचं पाणी जातं. पण आत्याची उमेदीची वर्षं विहिरीवरच गेली. आज ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. डॉक्टर एकट्या पाण्याला दोष देत नाहीत, शुगर-बीपीही विचारतात. बाबांचं मात्र मत पक्कं आहे.

वर गडावर ना नदी, ना बोअर. सगळी भिस्त पावसावर. त्यासाठी पन्हळी काढून, पाणी वळवून ते तलावांत आणि टाक्यांत साठवलेलं. त्या व्यवस्थेच्या खुणा आजही दिसतात. आम्ही ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’च्या प्रेझेंटेशनला टाळ्या वाजवतो, इथे ते शेकडो वर्षांपूर्वी करून मोकळे झाले होते. गडावरची नऊगजी तोफही बघा हवं तर. मला खरं सांगायचं तर तोफांमध्ये फारसा इंटरेस्ट नाही.

बाबांनी हळूच रिकामी बाटली काढली. ‘‘बाईसाठी थोडं...’’ मी म्हटलं, बाबा, साठलेलं पाणी आहे, तिला कसं चालेल? तिला तर दिवसभरात मोजूनच पाणी प्यायचं असतं. त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली.

अकोट जवळ आलं तसं मोबाईलला नेटवर्क आलं आणि त्यांनी आधी आत्याला फोन लावला. पलीकडून तिने विचारलं असावं, काय पायलं?

‘‘तलाव पायला बाई,’’ बाबा म्हणाले, ‘‘गोड्या पान्याचा.’’