सुटलेले कसब पुन्हा हाती येते

काही वर्षे पड राहिलेल्या जमिनीस जाणता शेतकरी नापीक म्हणत नाही. तीतील हरळी व कुंदा काढून, नांगरट करून व कुळवाच्या पाळ्या देऊन तो ती पुन्हा लागवडीखाली आणतो. शिकलेल्या कसबाचेही असेच आहे. मोठ्या कंपनीत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे, म्हणजेच प्रोग्रॅमिंगचे, काम केलेली आणि पुढे बाळंतपण, वडीलधाऱ्यांचे आजारपण अथवा घरची शेती यांमुळे ते सोडून आलेली माणसे आज खेड्यांतूनही आढळतात. आता ते काम आपणांस जमावयाचे नाही, असा त्यांचा व घरच्यांचाही समज होऊन बसतो. हा समज कितपत खरा आहे, हे इंग्लंडमधील एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

सहा पौंडांचे भांडवल

स्टेफनी शर्ली यांचा जन्म १९३३ मध्ये जर्मनीत झाला. नाझी राजवटीतून सोडविलेल्या ज्यू मुलांबरोबर १९३९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, त्या इंग्लंडला आल्या. पुढे टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी करीत असता रात्रीच्या वर्गांना जाऊन त्यांनी गणिताची पदवी मिळविली. नंतर त्या एका संगणक कंपनीत गेल्या. परंतु स्त्रीला वर चढू न देण्याची रीत पाहून त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर घरातूनच ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ हा व्यवसाय सुरू केला. स्टेफनी या नावाने पाठविलेल्या पत्रांस उत्तरे येईनात, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करू लागल्या. तेव्हा भेटी मिळू लागल्या.

लग्न झाले अथवा मूल झाले की त्या काळी तिकडील पुष्कळ शिकलेल्या स्त्रियांची नोकरी सुटे. शर्ली यांनी नेमक्या अशाच स्त्रिया कामास घेतल्या. पहिल्या ३०० जणांत २९७ स्त्रिया होत्या.

काम कसे चाले

या स्त्रियांच्या घरी संगणक नव्हता. टेलिफोन मात्र लागे. मूल निजले की पेन्सिल व कागद घेऊन त्या कामाच्या पायऱ्यांचा आराखडा काढीत व त्यावरून आज्ञावली लिहीत. ते कागद टपालाने केंद्रात जात. तेथे कार्डांवर वा कागदी फितीवर छिद्रे पाडून मजकूर उतरविला जाई आणि चूक राहू नये म्हणून तेच काम दुसऱ्यांदा करून पडताळा घेतला जाई. कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाच्या उड्डाणनोंदींचे प्रोग्रॅमिंग अशा घरबसल्या स्त्रियांनीच केले.

कामाची वेळ ज्याच्या त्याच्या सोयीची असे. एक काम दोघींत वाटून घेता येई. नफ्यात, व पुढे मालकीतही, कामगारांना वाटा मिळाला. लिंगभेदाविरुद्धचा कायदा १९७५ मध्ये झाला, तेव्हा या कंपनीस पुरुषांनाही प्रवेश द्यावा लागला! शर्ली यांचे २०२५ मध्ये निधन झाले.

पुन्हा आरंभ करावयाचा तर

आज्ञावलीच्या भाषा बदलत राहतात, पण मूळ रीत बदलत नाही. मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे, अट घालणे, तीच क्रिया ठरावीक वेळा करविणे आणि उत्तर पडताळून पाहणे, हे ज्यास एकदा साधले त्यास नवी भाषा अल्पकाळात उमगते.

१) पायथॉनसारखी विनामूल्य मिळणारी एकच भाषा निवडावी. ती १९९१ पासून प्रचारात आहे.

२) आरंभी घरचेच लहान काम घ्यावे. रोजच्या दुधाचे लिटर, फॅट व दर घालून दहा दिवसांचे बिल काढणारी आज्ञावली हा चांगला पाठ होय.

३) निघालेले उत्तर वहीतील हिशेबाशी ताडून पाहावे. न जुळल्यास चूक हुडकावी. हात बसतो तो येथेच.

४) पहिल्याच महिन्यात मिळकतीची अपेक्षा धरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा व्यक्तींची माहिती ठेवावी व घरच्या मंडळींशी बोलावे. शर्ली यांच्याकडील स्त्रियांना कसब नव्याने शिकवावे लागले नाही. त्यांना सवडीचे काम हवे होते. गावी आलेल्या सुनेला अथवा मुलाला रोजचे दोन तास, मध्ये कोणी हाक न मारता, मिळाले पाहिजेत. एवढी सोय करून देणे घरच्यांच्याच हाती आहे.