चाळीस किलोबाइटांतला मारिओ

४०,९६० बाइट. जपानच्या निन्टेंडोने १९८५ साली काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्यात बसतो: आठ जगं, बत्तीस टप्पे, कासवं, राजकन्या, ते डोक्यातून न जाणारं संगीत, सगळं. मोबाइलमधला चार एमबीचा एक फोटो पुसला तर त्या जागी असे शंभर मारिओ मावतील. आणि या खेळाच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या.

चित्रांच्या वाट्याला त्यातले जेमतेम ८ किलोबाइट, म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांचे ५१२ तुकडे. म्हणून आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. चांदणीचा डावा अर्धा भागच साठवलाय; उजवा म्हणजे तोच, उलटा केलेला.

पण माझ्या लेखी सगळ्यात थोर आकडा ३६. चित्रांच्या साठ्यात आधी ० ते ९, मग ए ते झेड. हे झाले छत्तीस तुकडे. मोजणी शून्यापासून, त्यामुळे ३६ क्रमांकावर येतो कोरा तुकडा. चौथ्या जगात थेट पाचव्यात नेणारा एकच पाइप आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना काही दिसू नये म्हणून कुठला पाइप कोणत्या जगात नेतो त्या यादीत लिहिलं: ३६, ५, ३६. तिथे बाजूला पाइपच नाहीत, त्यामुळे धोका नव्हता. मात्र १-२ च्या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी विशिष्ट उडी मारून भिंतीतून आरपार गेलं, की समोर तीन पाइप असतात आणि यादी मात्र ही चुकीची लागू होते. कडेच्या पाइपात शिरलात की पोचलात छत्तिसाव्या जगात! पडद्यावर ३६ च्या जागी कोरा तुकडा उमटतो, उरतं नुसतं ‘-१’. हेच ते जगभर गाजलेलं ‘मायनस वर्ल्ड’. पाण्याखालचा हा टप्पा संपतच नाही. शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘९९९९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटवर मारिओ खेळलेल्यांना ३-१ च्या पायऱ्यांवरचं कासव आठवत असेल. त्यावर उड्या मारत राहिलं की जीव वाढतच जायचे. पण जिवांचा हिशेब एका बाइटात, आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा धन आकडा १२७. त्याच्या पुढे फार हाव धरली की यंत्राला तो आकडा ऋण वाटतो, आणि शंभरावर जीव शिल्लक असताना पुढच्याच मरणाला ‘गेम ओव्हर’ झळकतं.