घरच्या गॅरेजात गाडीची लिफ्ट: आधी जमीन पाहा, मग मशीन

आमचा धंदा कापडाचा. गोंदियाहून आमगाव, सालेकसा, देवरीच्या आठवडी बाजारांना माल न्यायचा तर गाडी लागते, नागपूरच्या गांधीबागेतून थान आणायचे तरी गाडी लागते. एक बोलेरो आणि एक जुनी ओम्नी, या दोन गाड्यांवर आमची रोजी चालते. त्यांची देखभाल आमचा पुतण्या करतो. तो आय.टी.आय. शिकलेला आहे. घरामागच्या जुन्या गोदामात त्याने आपले छोटे गॅरेज मांडले असून मोहल्ल्यातल्या चार-दोन गाड्याही तो पाहतो. तेव्हा कापडाच्या माणसाने लोखंडाविषयी का लिहावे, असे वाचक बंधूंनी विचारू नये. पैसे आमचे गेले, तजुर्बाही आमच्याच पदरी आला.

काही वर्षांपूर्वी पुतण्या बोलेरोखाली झोपून काम करीत होता. गाडी बाटली जॅकवर होती आणि उंची कमी पडते म्हणून जॅकखाली वीट होती. पाना घ्यायला तो बाहेर सरकला आणि त्याच क्षणी वीट फुटली. छाती वाचली, डाव्या हाताची दोन बोटे चिरडली. दोष विटेचा नव्हता. गाडी उचलल्यावर तिच्याखाली लावायचे जॅक स्टँड, ज्यांना मिस्त्री लोक घोडी म्हणतात, ते खर्च कशाला म्हणून आम्हीच घेऊन दिले नव्हते. बोटे बरी झाली, पण त्यांची पकड पूर्वीसारखी राहिली नाही. त्या दिवशी आम्ही लिफ्टचा इरादा केला.

पहिला मशवरा मिळाला तो खड्डा खणण्याचा. खड्डा स्वस्त खरा, पण आमचा हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी हात घातला तर लागते. मग खणलेला खड्डा काय कोरडा राहणार? दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ आणि एल.पी.जी. दोन्ही हवेपेक्षा जड. ती खड्ड्यात उतरून बसतात आणि खाली माणूस दिवा घेऊन उभा असतो. आमची ओम्नी गॅसवर चालणारी, म्हणून खड्ड्याचा विषय तिथेच संपला.

मग लिफ्टचे प्रकार पाहिले. चार खांबांची लिफ्ट गाडीला चाकांवर धरते. गाडीखाली गाडी ठेवायला ती उत्तम, पण चाक आणि ब्रेकच्या कामाला तिच्यावर वेगळा जॅक हवा. कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट कमी उंचीच्या खोलीत बसते. मात्र बहुतेकींची यंत्रणा गाडीच्या पोटाखालीच येते, त्यामुळे गिअरबॉक्सला हात पोचणे कठीण. दोन खांबांची लिफ्ट गाडीला चार हातांवर उचलते, चाके मोकळी राहतात आणि मधली जागाही मोकळी राहते. आम्ही तीच, चार टनांची घेतली. चार टन हा आकडा चारही हातांचा मिळून असतो, म्हणजे एका हाताच्या वाट्याला एकच टन. व्यापारी बंधू हे लक्षात न घेता फक्त गाडीचे वजन विचारतात.

कापड घेताना आपण पन्हा मोजतो, मग अंगरख्याचा हिशेब करतो. इथे आम्ही उलटे केले. लिफ्ट पसंत करून बयाणा दिला आणि नंतर छत मोजले! हिशेब सोपा आहे. बोलेरोची उंची सहा फुटांच्या वर, तिच्याखाली उभा राहणारा माणूस साडेपाच-सहा फुटांचा, म्हणजे बारा फूट तरी मोकळे हवेत. आमच्या गोदामाच्या भिंती दहा फुटांच्या. टिनाचे छत मधोमध चौदा फूट उंच होते, पण कैचीचा आडवा लोखंडी अँगल नेमका गाडीच्या टपावर येत होता. शेवटी दोन कैच्यांच्या मधल्या गाळ्यात खांब सरकवले तेव्हा गाडी वर जाऊ शकली. वरून आडवी कमान असलेली लिफ्ट इथे बसलीच नसती. आमची खालून जोडलेली आहे. जमिनीवर पत्र्याचा एक उंचवटा राहतो, त्यावरून ट्रॉली ढकलताना पुतण्या कुरकुरतो. कुरकुरू दे.

खरी परीक्षा होती जमिनीची. दोन खांबी लिफ्टचा सारा भार खांबांच्या पायातल्या बोल्टांवर येतो आणि बोल्ट धरून ठेवते ते काँक्रीट. आमच्याकडे मुरुमावर बसवलेली शहाबादी होती. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "चालेल, वरून लांब बोल्ट टाकतो." आम्ही हो म्हणणारच होतो. पण सोबत राइस मिलचे एक जुने फिटर उस्ताद उभे होते. धानगिरण्यांच्या या गावात मशीनचा पाया घालणारे हात कमी नाहीत. त्यांनी हातोड्याने फरशी ठोकली, पोकळ आवाज ऐकवला आणि काम थांबवले.

फरशी उखडली, चिकण माती काढली, मुरुम भरून कुटला. त्यावर जाळी टाकून एम-25 प्रतीचे आठ इंच काँक्रीट एकाच दिवशी ओतले, म्हणजे मध्ये सांधा राहिला नाही. मग अठ्ठावीस दिवस थांबलो, पहिले काही दिवस गोणपाटे ओली ठेवली. लिफ्ट तोवर खोक्यात पडून होती आणि घरचे आम्हाला हसत होते. बोल्ट काँक्रीटच्या कडेपासून दूर घेतले, खांब पाण्याच्या नळीने समपातळीत आणले. या सगळ्याला लिफ्टच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा लागला. कोटेशनमध्ये तो कुठेच नसतो.

विजेचेही बोलू. तीन फेजची मोटर चांगली, पण घरच्या मीटरवर ती चालत नाही. महावितरणकडून वेगळा भार मंजूर करून घ्यावा लागतो. आम्ही एक फेजची घेतली. उन्हाळी धानाच्या दिवसांत संध्याकाळी दाब उतरला की ती घुमते, पण उचलत नाही, म्हणून काम सकाळी. एकदा बोलेरो वर असताना वीज गेली. खाली यायला वीज लागत नाही असे आम्ही समजत होतो. पण गाडी लॉकच्या दातावर बसलेली असली तर लॉक सोडवण्यासाठी आधी ती थोडी वर उचलावी लागते, आणि त्याला मोटर हवी! देवरीच्या बाजाराचे गठ्ठे ओट्यावर आणि गाडी छताला, असे चार तास गेले. घेताना हातपंपाची सोय विचारून घ्या.

उचलण्याची रीत पुतण्याने ठरवली आहे. आधी गाडीतला माल उतरवायचा, कारण मागे गठ्ठे असतील तर तोल मागे जातो. बोलेरोला चासी आहे, हातांची गादी तिच्यावर लावायची. ओम्नीला तशी चासी नाही, तिला जॅकसाठी नेमलेल्या जागीच, तळाच्या पत्र्यावर कधीच नाही. चाके चार बोटे उचलली की थांबून गाडी हलवून पाहायची. मग वर न्यायची, आणि लॉकचा आवाज दोन्ही खांबांतून आल्यावर थोडी खाली सोडून दातावर बसवायची. नुसत्या तेलाच्या दाबावर गाडी असताना खाली कुणी जायचे नाही. एकदा घाईत आम्हीच वाकलो तर पुतण्या ओरडला, "बडे अब्बा, आधी लॉक!"

पहिल्या महिन्यानंतर उस्तादांनी पाना लावून पाहिले तेव्हा दोन बोल्ट पाव वळसा फिरले. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला सारे बोल्ट तपासले जातात आणि तारीख खडूने खांबावर लिहिली जाते.