लाँग राईडला बूड का दुखतं? सीटसाठी कुशन घेण्याआधी हे वाचा

पहाटे पाचला पुण्यातून निघायचं, साताऱ्याला चहा, कोल्हापुरात मिसळ आणि अंधार पडायच्या आत गोवा. बाईकवरून गोव्याला जाणाऱ्या बहुतेक ग्रुपचा प्लॅन साधारण असाच असतो. अंतर जवळपास ४५० किलोमीटर.

साताऱ्यापर्यंत सगळे मजेत असतात. कराडच्या आसपास कुणीतरी सीटवर डावी-उजवीकडे सरकायला लागतो. कोल्हापूर येईपर्यंत अर्धा ग्रुप मध्येच फूटरेस्टवर उभा राहून बाईक चालवत असतो. पुढे आंबोलीचा घाट उतरताना लक्ष वळणाकडे कमी आणि सीटकडे जास्त असतं. इथे विषय फक्त आरामाचा राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

घरी परतल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईलवर ‘बाईक सीट कुशन’ शोधणं. जेल, एअर, मेमरी फोम, थ्रीडी मेश अशी रांगच लागते. किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. ज्यांना ऑनलाइन भानगड नको असते ते गल्लीतल्या कुशनवाल्याकडे जातात आणि सांगतात, “दादा, एकदम मऊ करून द्या.”

फसगत होते ती इथेच. एकदम मऊ सीट पहिल्या अर्ध्या तासात भारी वाटते आणि तिसऱ्या तासात रडवते. असं का होतं, ते आधी बघू.

दुखतं नेमकं कुठे?

एक साधा प्रयोग करून बघा. लाकडी खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळहात वर करून बुडाखाली ठेवा. दोन्ही बाजूंना एकेक टणक हाड हाताला टोचेल. डॉक्टरी भाषेत या हाडांना इशियल ट्युबरॉसिटी म्हणतात. आपण त्यांना बैठकीची हाडं म्हणू. ताठ बसल्यावर वरच्या शरीराचा बराचसा भार या दोन छोट्या टोकांवर येतो.

हाड आणि सीट यांच्यामध्ये कातडी, थोडी चरबी, स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. एकाच जागी बराच वेळ दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो. मग आधी कळ येते, नंतर मुंग्या येतात आणि शेवटी भाग बधिर होतो.

घरी सोफ्यावर तीन तास सिनेमा बघताना असं होत नाही, कारण आपण नकळत सारखे हलत असतो. मांडी घालतो, कूस बदलतो, टेकतो. बाईकवर मात्र हात हँडलला, पाय फूटरेस्टला आणि गुडघे टाकीला बांधल्यासारखे असतात. त्यात इंजिनची थरथर, खड्ड्यांचे दणके, ऊन आणि घाम. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे बाईकवाल्यांच्या वाट्याला गावं आणि स्पीडब्रेकर असलेले जुने रस्तेच येतात.

आणि हा त्रास फक्त गोवा-लडाख करणाऱ्यांचा नाही. दिवसभर पार्सल पोहोचवणारे डिलिव्हरी बॉय, बाईक टॅक्सीवाले, गावोगाव फिरणारे एमआर यांच्यासाठी तर बाईकची सीट हीच ऑफिसची खुर्ची असते.

मग मऊ गादी का चालत नाही?

कारण काम मऊपणाचं नाही, भार पसरवण्याचं आहे. दोन टोकांवर पडणारं वजन मांड्या आणि नितंबांच्या मोठ्या भागावर वाटलं गेलं पाहिजे.

खूप मऊ फोमवर बसलं की दोन गोष्टी होतात. पहिली, फोम पूर्ण दबतो आणि हाडं खालच्या कडक प्लेटला जवळजवळ टेकतात. म्हणजे गादी असून नसल्यासारखी. दुसरी, तुम्ही जितके खाली रुतता तितका सीटचा मधला भाग दोन हाडांमधल्या नाजूक जागेवर दाबला जातो. तिथून महत्त्वाच्या नसा जातात. त्यामुळे जांघेत बधिरपणा येत असेल, तर सीट कडक असण्यापेक्षा ती चुकीच्या जागी दाबत असण्याची शक्यता जास्त.

इथे दुकानातला एक शब्द समजून घ्यायला हवा, तो म्हणजे ‘हाय डेन्सिटी फोम’. डेन्सिटी म्हणजे फोमची घनता, एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे ते. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नसतो. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. फरक टिकण्यात पडतो. कमी घनतेचा फोम काही महिन्यांत बसतो, चांगला फोम दाब काढल्यावर परत वर येतो.

कशात काय मिळतं?

फोम: सगळ्यात साधा आणि बऱ्याचदा पुरेसा पर्याय. थोडा कडक, चांगल्या घनतेचा फोम खाली आणि त्यावर मऊ फोमचा पातळ थर, ही जोडी चांगली चालते.

मेमरी फोम: हा १९६६ मध्ये नासाच्या एका प्रकल्पातून आला, विमानातल्या सीट जास्त सुरक्षित आणि आरामदायी करण्यासाठी. शरीराच्या आकाराप्रमाणे तो खोलगट होतो. पण तो तापमानाप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात मऊ पडतो, थंडीत कडक होतो. लडाखच्या पहाटे हाच फोम पाटासारखा वाटू शकतो.

जेल पॅड: दाब बऱ्यापैकी पसरवतं, थरथर थोडी कमी करतं. दुखणं उन्हाचं. जेल उष्णता धरून ठेवतं. दुपारी जेवायला थांबलात आणि बाईक उन्हात लावली, तर परत बसताना चटका ठरलेला. जेल घ्यायचंच असेल तर वर जाळीचं कव्हर टाका आणि बाईक सावलीत लावा.

एअर कुशन: एकमेकांना जोडलेले हवेचे छोटे कप्पे. एका कप्प्यावर दाब आला की हवा बाजूच्या कप्प्यांत सरकते. याची मूळ गोष्ट दवाखान्यातली आहे. व्हीलचेअरवर तासन् तास बसणाऱ्यांना दाबामुळे जखमा होतात. त्या टाळण्यासाठी अमेरिकेत १९७०च्या दशकात रोहो कंपनीचं हवेचं कुशन आलं. पुढे तीच कल्पना ‘एअरहॉक’ नावाने बाईकच्या सीटवर पोहोचली. आज बाजारात त्याच धर्तीची बरीच स्वस्त कुशन मिळतात.

एअर कुशन घेणारे सगळ्यात मोठी चूक करतात ती हवा ठासून भरण्याची. फुगवलेल्या ट्यूबवर बसल्यासारखं होतं आणि वळणावर शरीर डोलतं. बरोबर पद्धत अशी: हवा भरा, बाईकवर बसा आणि मग हळूहळू हवा सोडत जा. तुमच्या आणि सीटच्या मध्ये साधारण अर्धा ते एक इंच हवा उरली की थांबा. कुशन आहे हे जाणवलंच नाही पाहिजे.

उंचावर जाताना अजून एक गोष्ट. घाट चढल्यावर चिप्सचं पाकीट फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल. एअर कुशनचंही तेच होतं. लेह जवळपास ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. त्यामुळे पायथ्याशी बरोबर असलेलं कुशन वर टणक होतं. थोडी हवा सोडायची, उतरताना परत भरायची.

थ्रीडी मेश कव्हर: हे दाब फारसा कमी करत नाही, पण खालून हवा खेळती ठेवतं. मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीतलं लाकडी मण्यांचं कव्हर आठवा, तत्त्व तेच. घाम, ओलसरपणा, घामोळं हा त्रास असेल तर स्वस्तात मस्त. हाडं दुखत असतील तर एकट्या मेशवर भागणार नाही.

उंचीचं गणित विसरू नका

स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आहे, क्लासिक ३५० ची ८०५. त्यावर दोन इंचांचं कुशन म्हणजे जवळपास ५० मिलिमीटरची भर. बसल्यावर ते दबतं, पण पूर्ण नाही. उंची कमी असेल आणि आधीच चवड्यांवर उभं राहावं लागत असेल, तर सिग्नलला किंवा चढावर थांबताना बाईक पडण्याची भीती वाढते. अशांनी वर गादी ठेवण्यापेक्षा मूळ सीटचाच फोम बदलून घेतलेला बरा.

कुशनवाल्याकडे जाताना

जुना फोम आणि कव्हर शक्यतो परत घ्या. नवीन काम पटलं नाही तर मागे फिरता येतं.

‘मऊ करा’ असं सांगू नका. ‘बसायची जागा थोडी रुंद करा, पण मांडीच्या आत टोचू देऊ नका’ असं सांगा. रुंदी वाढली की भार पसरतो, पण पुढचा भाग रुंद केला तर पाय जमिनीला कमी पोहोचतात.

सीट पुढे उतरती नको. तशा सीटवर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे घसरतो आणि मनगटं दुखायला लागतात.

फोमची परीक्षा बोटांनी घ्या. मूठ वळून दोन बोटांची पेरं जोरात दाबा. खालची प्लेट सहज लागली तर तो फोम तुमच्या हाडांनाही प्लेटपर्यंत नेणार.

कव्हरला मधून शिलाई असेल तर तिच्या भोकांतून पाणी आत जातं. कोकणातल्या पावसात असा फोम दिवसभर पाणी सोडत राहतो. त्यामुळे कव्हरखाली प्लॅस्टिकचा थर टाकून घ्या.

मागे बसणाऱ्याचं काय?

कुशनची चर्चा बहुतेक वेळा चालवणाऱ्यापुरतीच असते. खरं तर मागची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका तिथे जास्त बसतो. त्यात मागच्याला खड्डा आधी दिसतही नाही. म्हणून एकच कुशन असेल तर ते मागे देणं जास्त शहाणपणाचं.

फक्त एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्यांनी वरून बांधायचं कुशन टाळावं. वजन एकीकडे पडतं आणि ते सरकू शकतं. कुठलंही कुशन बांधल्यावर हाताने जोरात ढकलून बघा आणि पट्ट्यांची मोकळी टोकं चेन किंवा चाकाकडे लोंबत नाहीत ना, ते पाहा.

कुशन न घेता होणाऱ्या गोष्टी

पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा. मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्याने कंबर एका बाजूला वाकडी होते आणि नस दाबली जाऊ शकते. जाड शिलाईची जीन्स टाळा. सायकलवाले घालतात तशी पॅडवाली शॉर्ट्स आतून घालता येते. टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याइतकीच ठेवा, जास्त हवा म्हणजे जास्त दणके. सामान आणि माणसं वाढली की मागच्या शॉकअपची सेटिंग मेकॅनिककडून बदलून घ्या.

आणि दर तास-दीड तासाला उतरा. पाच मिनिटं चाला, पाणी प्या. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून जागा बदलत राहा. दबलेल्या जागेचा रक्तपुरवठा सुरू करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

एवढं करूनही राईडनंतर बधिरपणा जात नसेल, कळ पायातून खाली उतरत असेल किंवा शौचाच्या वेळी रक्त दिसत असेल, तर नवं कुशन शोधू नका. डॉक्टरांना दाखवा.

मग घ्यायचं कुठलं?

रोज शहरात फिरत असाल तर चांगला फोम आणि वर मेश. वर्षातून दोन-तीन मोठ्या राईड करत असाल तर काढता येणारं एअर कुशन. उंची कमी असेल तर मूळ सीटमध्येच बदल. आणि काहीही घेतलं तरी ते पहिल्यांदा थेट गोव्याच्या राईडला लावू नका. आधी शंभर-दीडशे किलोमीटरची एक फेरी मारा. दुकानात पाच मिनिटं बसून सगळ्याच गाद्या छान वाटतात, खरी परीक्षा तिसऱ्या तासात होते.