बिलिंगच्या खिडकीपासून फायनान्स हेडच्या खुर्चीपर्यंत : रांगेचं एक साधं गणित

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बीएस्सी-बीकॉम झालेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न सारखा येतो : "हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी मिळतेय. यात पुढे काही आहे का, की आयुष्यभर खिडकीतच बसायचं?" माझा संशोधनाचा विषय आहे रांगांचं गणित. एरवी मी नोकरीच्या सल्ल्यात पडत नाही. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर रांगांच्या गणितातच आहे, म्हणून आजचा लेख.

आपल्या भागात या कामाच्या दोन वाटा आहेत. पहिली इथल्या हॉस्पिटलांतली : बिलिंग काउंटर, टीपीए डेस्क (म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यातला कागदोपत्री दुवा), महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दावे. दुसरी ऐरोलीसारख्या ठिकाणच्या ऑफिसांतली. डोंबिवलीहून निघून ठाण्याला गाडी बदलायची आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं हाताळायची, बऱ्याचदा रात्रपाळीत. कायदे वेगळे, पगाराची रचना वेगळी. गणित मात्र दोन्हीकडे एकच.

लिटलचा नियम

१९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने एक नियम सिद्ध केला. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण थांबलेले असतात? दर तासाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ. बस, इतकंच. दीर्घकाळात जितके येतात तितकेच बाहेर पडत असतील, तर हा नियम वडापावच्या गाडीपासून विमानतळापर्यंत सगळीकडे लागू पडतो.

आता १०० खाटांचं एक काल्पनिक हॉस्पिटल घ्या. दिवसाला २४ डिस्चार्ज, म्हणजे सरासरी तासाला एक. डॉक्टर "घरी जा" म्हणाल्यापासून पेशंट प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत ६ तास लागतात. लिटलचा नियम लावा : १ गुणिले ६. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी ६ खाटांवर बरे झालेले, फक्त कागदांची वाट पाहणारे पेशंट आहेत. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत कोणीतरी खाटेसाठी ताटकळतंय. हे ६ तास ३ वर आणले, तर एकही वीट न रचता ३ खाटा वाढल्या.

हे तास जातात कुठे?

सगळे म्हणतात, "विमा कंपनी उशीर करते." काही अंशी खरं आहे. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे.

इथे बारकाईने बघा. घड्याळ सुरू होतं विनंती कंपनीकडे पोचल्यावर. त्याआधी डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते, वॉर्डातून उरलेली औषधं फार्मसीत परत जायची असतात, लॅबचा शेवटचा चार्ज चढायचा असतो. हा वेळ हॉस्पिटलचा स्वतःचा. आणि मंजुरीआधी "अमुक रिपोर्ट जोडलेला नाही" अशी क्वेरी आली, तर ती बहुतेक वेळा सकाळीच टाळता आली असती.

बिलिंगमधला चांगला कर्मचारी क्वेरीला पटकन उत्तर देतो. पुढे जाणारा माणूस विचारतो, "ही क्वेरी आलीच का?" माझ्या मते या क्षेत्रातल्या नेतृत्वाची सुरुवात या प्रश्नापासून होते.

तोच नियम, आता रुपयांत

फायनान्सची माणसं "एआर डेज" हा शब्द वापरतात : बिल गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे सरासरी दिवस. समजा आपल्या हॉस्पिटलची विम्याची बिलं दिवसाला ८ लाखांची आहेत आणि पैसे यायला ६० दिवस लागतात. तर अडकलेली रक्कम ८ लाख गुणिले ६०, म्हणजे ४ कोटी ८० लाख. हाच लिटलचा नियम, फक्त माणसांच्या जागी रुपये. दिवस ४५ वर आणले, तर १ कोटी २० लाख मोकळे होतात. हा फायदा एकदाच होतो, नफा वाढत नाही. पण नर्सचा पगार वेळेवर होतो, औषधवाल्याची उधारी फिटते. लहान नर्सिंग होमसाठी हा टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न असतो.

ऐरोलीतल्या ऑफिसातही हेच. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ही रोगांच्या संकेतांकांची पद्धत स्वीकारली. संकेतांक चुकला की दावा नाकारला जातो, तो पुन्हा रांगेत येतो, दिवस वाढतात. आपल्याकडच्या विमा दाव्याच्या फॉर्मवरही आयसीडी-१० चा रकाना असतो. त्यामुळे एका वाटेवर शिकलेलं दुसऱ्या वाटेवर वाया जात नाही.

पायऱ्या कशा चढतात

दर पायरीला तुमच्या हातात काय आहे, ते बदलतं. एक्झिक्युटिव्हच्या हातात एक बिल. टीम लीडरच्या हातात दिवसाची रांग. मॅनेजरच्या हातात प्रक्रिया : वॉर्ड, फार्मसी आणि टीपीए डेस्क यांना एका वेळापत्रकात बांधणं. फायनान्स हेडच्या हातात करार : विमा कंपनीशी ठरणारे दर, सरकारी योजनेची पॅकेजेस परवडतात का याचा हिशोब.

शिक्षण त्याप्रमाणे निवडा. अमेरिकन कोडिंगसाठी एएपीसीची सीपीसी परीक्षा. विम्याच्या बाजूसाठी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा, नोकरी करत देता येतात. हॉस्पिटल व्यवस्थापनासाठी मुंबईत टिसचा अभ्यासक्रम आहे. अगदी वरच्या खुर्चीसाठी सीए किंवा सीएमएचं वजन पडतं, हे मान्य करायला हवं. पण वॉर्डात पाय न ठेवलेल्या सीएला माहीत नसतात अशा गोष्टी खिडकीतल्या माणसाला माहीत असतात. ते भांडवल कमी समजू नका.

आकडा कमी करायचे वाईट मार्गही असतात

"आत्ता रोख भरा, नंतर क्लेम करा" असं सांगितलं की रांग लगेच आटते. एआर डेजही सुधारतात. पण ओझं गेलं कुठे? पेशंटच्या खिशावर.

२०२० आठवा. २१ मे २०२०च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले : साधा विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. वाद बहुधा पॅकेजबाहेरच्या ओळींवरून झाले, पीपीई किटसारख्या. तेव्हा ज्या बिलाची प्रत्येक ओळ कागदानिशी दाखवता येत होती, तेच बिल टिकणार होतं. अशी ओळ लिहायची सवय खिडकीतच लागते. बिलाखाली सही करायची वेळ येते तेव्हा नव्याने शिकायला वेळ नसतो.

उद्यापासून काय कराल?

एक साधी एक्सेल शीट उघडा. दर डिस्चार्जला पाच वेळा टिपा : डॉक्टरांनी सांगितलं कधी, समरी तयार कधी, अंतिम बिल कधी, टीपीएला गेलं कधी, पेशंट निघाला कधी. सहावा रकाना क्वेरीच्या कारणाचा. पेशंटचं नाव लिहू नका, ती खासगी माहिती आहे, आणि वरिष्ठांना सांगून करा. महिनाभराने कारणं मोजा. बहुतेक वेळा दोन-तीन कारणांतच निम्म्याहून जास्त उशीर सापडतो.

मग ती शीट घेऊन मॅनेजरकडे जा, तक्रार म्हणून नाही, एक सुधारणा सुचवायला. पुढच्या इंटरव्ह्यूत "मी रोज ४० बिलं करायचो" यापेक्षा "आमचा डिस्चार्जचा वेळ दोन तासांनी कमी केला, असा असा" हे वाक्य खूप पुढे नेतं.

शीट बनवताना कुठे अडलात तर कळवा. सरासरी फसवते कधी आणि तिथे मध्यक का वापरायचा, हे पुढच्या लेखात.