पदवी व परवाना

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो, असें आम्हांस दिसतें. मुलानें किंवा मुलीनें इंजिनीयरिंगची पदवी मिळविली. आतां कॅनडासारख्या देशीं जाऊन स्थायिक व्हावें, कीं येथेंच रहावें? हा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावयाचा आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु तेथें गेलेल्या कित्येक सुशिक्षित इंजिनीयरांना, हातीं पदवी व पाठीशीं वर्षानुवर्षांचा अनुभव असूनही, आरंभीं भाड्याची मोटार हांकण्याचें किंवा गुदामांत माल उचलण्याचें काम करावें लागतें, ही गोष्ट निघण्यापूर्वीं फार थोड्यांच्या ध्यानांत येते. असें कां होतें, आणि त्यावर तेथें कोणते उपाय योजण्यांत आले आहेत, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद समजून घेतला पाहिजे. आपल्या देशांत डॉक्टराला व वकिलाला सनद लागते; १९७२ च्या कायद्यापासून 'आर्किटेक्ट' हें नांव लावण्यासही नोंदणी लागते. परंतु इंजिनीयराकरितां असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीं. पदवी मिळाली कीं लोक त्यास इंजिनीयर म्हणतात. कॅनडांत तसें नाहीं. तेथें 'प्रोफेशनल इंजिनीयर' हें नांव कायद्यानें राखून ठेविलेलें आहे. प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा व नोंदणी करणारी संस्थाही निराळी. अशा सर्व मिळून १२ संस्था त्या देशांत आहेत. ज्याची नोंदणी झालेली नाहीं, त्यास स्वतःच्या सहीशिक्क्यानें पुलाचा अगर इमारतीचा आराखडा मंजूर करितां येत नाहीं.

घोटाळा होतो तो येथेंच. परक्या माणसास देशांत येऊन राहूं देणें हें मुख्यतः मध्यवर्ती सरकारचें काम आहे. त्याकरितां १९६७ सालापासून तेथें गुण देण्याची पद्धत सुरू झाली. शिक्षण, भाषा, वय, अनुभव इत्यादिकांचे गुण मोजून माणसाची निवड होते. साहजिकच उमेदवार मनाशीं म्हणतो कीं, माझ्या पदवीला सरकारनें गुण दिले, त्या अर्थीं माझी पदवी तेथें मान्य झाली. परंतु सरकारनें त्यास केवळ घरांत घेतलेलें असतें. कामाच्या खोलीची किल्ली प्रांतिक संस्थेच्या कमरेला असते. एकाचा होकार म्हणजे दुसऱ्याचा होकार नव्हे.

इतका कडकपणा कशासाठीं, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड लोखंडी पूल बांधण्याचें काम चाललें होतें. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांपर्यंत वाढविण्यांत आला, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब त्या मानानें वेळेवर पुन्हां केला गेला नाहीं. खालच्या तुळ्या वांकूं लागल्या तें जागेवरील माणसांना दिसलें. पण मुख्य सल्लागार इंजिनीयर दूर न्यूयॉर्कला होता, आणि काम थांबविण्याचा निरोप वेळेवर पोंचला नाहीं. ता. २९ ऑगस्ट १९०७ रोजीं पूल कोसळला व ७५ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशननें दोष दिला तो मजुरांस नव्हे, तर आराखडा करणाऱ्या व तपासणाऱ्या इंजिनीयरांच्या निर्णयास. पुढें १९१६ सालीं मधला भाग वर चढवितांना पुन्हां पडला व आणखी १३ जण दगावले.

ह्या एका अपघातामुळेंच परवान्याचे कायदे झाले असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु १९२० च्या सुमारास प्रांताप्रांतांतून असे कायदे झाले, तेव्हां ही आठवण ताजी होती. १९२५ सालापासून तेथील इंजिनीयरिंगचे पदवीधर कर्तव्याची शपथ घेऊन करंगळींत एक साधी लोखंडी अंगठी घालूं लागले. त्या शपथविधीची रचना आपल्या मुंबईंत जन्मलेले ग्रंथकार रुडयार्ड किप्लिंग यांनीं केली होती. अंगठ्या त्या पडक्या पुलाच्या लोखंडाच्या केल्या, अशी एक दंतकथा आहे. ती खरी नाहीं. पण ती पसरावी ह्यांतच त्या लोकांच्या मनावर झालेला परिणाम दिसून येतो.

आतां परवाना मिळविण्याची वाट पाहूं. उमेदवाराचें शिक्षण तेथील पदवीच्या तोडीचें आहे कीं नाहीं, हें संस्था प्रथम तपासते. उणीव वाटल्यास कांहीं विषयांची परीक्षा देण्यास सांगते. नंतर अनुभव पाहण्यांत येतो. ऑन्टारिओ प्रांतांत तो एकंदर ४८ महिन्यांचा लागतो. शिवाय धंद्याची नीति व कायदा ह्या विषयांची एक परीक्षा सर्वांनाच, तेथें जन्मलेल्यांनासुद्धां, द्यावी लागते.

ह्यांपैकीं शिक्षणाची पायरी सुकर करणारा एक करार आहे. १९८९ सालीं सहा इंग्रजीभाषी देशांनीं 'वॉशिंग्टन अकॉर्ड' नांवाचा करार करून एकमेकांच्या तपासलेल्या पदव्या समान मानण्याचें ठरविलें. भारत २०१४ सालीं त्याचा पूर्ण सभासद झाला. तथापि आपल्याकडील सर्वच पदव्या त्यांत येत नाहींत. राष्ट्रीय मानांकन मंडळानें ज्या अभ्यासक्रमांना 'टियर वन' ह्या वर्गांत मान्यता दिली आहे, तेवढ्याच येतात. हा करार पदवीपुरता आहे, परवान्यापुरता नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

सर्वांत अवघड पायरी अनुभवाची. ऑन्टारिओंत पूर्वीं असा नियम होता कीं, ४८ महिन्यांपैकीं निदान १२ महिने कॅनडांतच, तेथील परवानाधारक इंजिनीयराच्या देखरेखीखालीं काम केलेलें असावें. इकडे धनी म्हणत, 'तुम्हांला ह्या देशाचा अनुभव नाहीं, सबब नोकरी नाहीं.' तिकडे संस्था म्हणे, 'नोकरीचा अनुभव नाहीं, सबब परवाना नाहीं.' पोहावयास आल्यावांचून पाण्यांत उतरावयाचें नाहीं, आणि पाण्यांत उतरल्यावांचून पोहावयास येत नाहीं, अशी ही गत झाली. त्या प्रांताच्या मानवी हक्क आयोगानें २०१३ सालीं जाहीर केलें कीं, अशी अट सरसकट लादणें हा सकृद्दर्शनीं भेदभावच होय. २०२१ सालीं त्यासंबंधीं कायदा झाला, व २०२३ सालीं इंजिनीयरांच्या संस्थेनें ही अट काढून टाकिली. आतां अनुभव कोठें मिळविला ह्यापेक्षां त्यांतून कोणती पात्रता आली हें पाहण्यावर भर आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतही ह्याच धोरणाचा कायदा २०२४ सालीं अंमलांत आला.

परंतु अट गेली म्हणून सर्व कांहीं साधलें असें नव्हे. कारण तेथें खरोखरच कांहीं नवीन शिकावें लागतें. कोंकणांतील इंजिनीयरास पावसाचा हिशेब तोंडपाठ असतो. पण छपरावर साठणाऱ्या बर्फाचें वजन, किंवा हिवाळ्यांत कित्येक फूट खोल गोठणारी व फुगणारी जमीन, ह्यांचा विचार त्यानें कधीं केलेला नसतो. म्हणून तेथें 'ब्रिज' म्हणजे सेतु-अभ्यासक्रम काढण्यांत आले. मॅनिटोबा विद्यापीठानें असा एक अभ्यासक्रम चालविला. त्यांत निवडक विषयांबरोबर कांहीं महिने पगारी कामही असतें, आणि तो पुरा झाला म्हणजे प्रांतिक संस्था त्यांचें शिक्षण समतुल्य मानते. दुसरा उपाय वाटाड्याचा. टोरोंटोंतील एका संस्थेनें त्याच धंद्यांतील जुन्या रहिवाशाची नवागताशीं गांठ घालून देण्याची प्रथा पाडिली. अर्ज कसा लिहावा, बैठकींत वरिष्ठाच्या मताशीं आपला मतभेद कसा मांडावा, ह्या गोष्टी पुस्तकांत सांपडत नाहींत. त्या माणसाकडून माणसालाच कळतात. तिसरी वाट अशी कीं, परवाना नसतांनाही परवानाधारकाच्या हाताखालीं इंजिनीयरिंगचें काम करितां येतें. तें काम लहान म्हणून झिडकारूं नये. बहुतेकांचें पहिलें पाऊल तेथेंच पडतें.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना चार शब्द सांगतों. कॉलेज निवडतांना त्याच्या अभ्यासक्रमाला कोणत्या वर्गाची मान्यता आहे, याची चौकशी करा. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. नोकरी लागल्यावर कोणतें काम, कोणाच्या देखरेखीखालीं, किती दिवस केलें, याची नोंद वरिष्ठांच्या सहीनिशीं ठेवीत जा. दहा वर्षांनीं वरिष्ठ कोठें असतील याचा नेम नाहीं. जाण्याचें ठरलेंच, तर ज्या प्रांतांत जावयाचें त्याच्या संस्थेचे नियम आधीं स्वतः वाचा. परदेशीं पाठविणाऱ्या दलालाच्या तोंडच्या शब्दावर घरचें सोनें मोडूं नका. निदान एक वर्ष कमी पगारावर निभेल इतकी तजवीज ठेवा.

आणि ज्यांचें कोणी तेथें अशा वाट पाहण्याच्या काळांत आहे, त्या आईबापांनीं पत्रांतून 'अजून इंजिनीयर कां झाला नाहींस?' असें विचारूं नये. तो इंजिनीयरच आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर जमीन असली तरी मध्यें पूल बांधावा लागतो, आणि पूल बांधावयास वेळ लागतो. घाईनें बांधलेल्या पुलाचें काय होतें, तें वर सांगितलेंच आहे.